प्रेमकथेला पेशवाईच कशाला हवी?

आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागे मी बावीस वर्षं बसते आहे. ऐतिहासिक प्रेमकथा वाचणारी बाई लेखकाचं नाव क्वचित विचारते, ती काळ विचारते, हे मला तिथे बसून कळलं. कापडाच्या दुकानात आपलं सोलापूरचं गिऱ्हाईक आधी काठ बघतं आणि मग अंगाचा रंग, तसंच हे. "पेशवाईतलं काही आलंय का?" "महाराजांच्या काळातलं द्या, पण लढाया कमी असलेलं." "ते राजवाड्यातलं होतं बघा, निळ्या पुठ्ठ्याचं, तसलंच."

मी देते. नाही म्हणायचा मला अधिकार नाही. पण रात्री वाचनालयाचं शटर ओढताना मनात येतं, की सोलापूरच्या बायकांनी प्रेमकथेसाठी दर वेळी पुण्याच्या शनिवारवाड्यावरच का जावं?

माझी भाची पुण्यात आयटीत आहे. ती फोनवर इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा वाचते, आठवड्याला दोन या हिशेबाने. तिला विचारलं, तुमच्यात कुठला काळ चालतो? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "रीजन्सी." राजा तिसरा जॉर्ज वेडावला आणि त्याच्या मुलाने रीजंट म्हणून कारभार पाहिला, ती १८११ ते १८२० ही जेमतेम नऊ वर्षं. पण त्या नऊ वर्षांवर इंग्रजीत इतक्या प्रेमकथा लिहिल्या गेल्यात की तेवढे सरदार आणि ड्यूक त्या देशात कधी होते का, असं वाटावं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या छापल्या गेल्या त्या याच वर्षांत. पुढे १९३५ पासून जॉर्जेट हेयर या लेखिकेने तो काळ पुन्हा उभा केला आणि मग ती वाटच पडली.

मला आधी वाटलं, झगे, मेणबत्त्या, घोडागाड्या, नाच, यांचं हे आकर्षण असणार. भाचीने एक पुस्तक मराठीत सांगत सांगत मला अर्धं ऐकवलं, तेव्हा खरं कारण दिसलं. तिथली नायिका वीस-बावीस वर्षांची असते. तिला मागणी घालतात आणि ती नाही म्हणू शकते. नाही म्हटल्याची किंमत मोजावी लागते, आई बोलते, इस्टेट चुलत भावाकडे जाते, शेजारपाजारचे लोक हसतात. पण तो शब्द तिच्या तोंडून निघू शकतो. ऑस्टिनची सगळ्यात गाजलेली नायिका वीस वर्षांची आहे आणि दोन मागण्या नाकारते. दुसरी तर गडगंज माणसाची. कथेचा सगळा ताण त्या दोन नकारांवर उभा आहे.

तेव्हापासून माझं एक माप ठरलं आहे. काळ कितीही झगमगीत असो, मी विचारते, यातली बाई नाही म्हणू शकते का? आणि म्हटलं तर तिला काय भोगावं लागतं? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ती प्रेमकथा होत नाही, नशिबाची कथा होते. दुसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल तर कथाच होत नाही.

या मापाने आपली लाडकी पेशवाई तोलून पाहा. ज्या घरांवर आपण कादंबऱ्या लिहितो त्या घरांत मुलीचं लग्न आठ-नऊ वर्षांची असताना होई. तिला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण विचारण्याचं वयच नव्हतं. नवरा वारला तर पुढची वाट बंद, पुन्हा लग्न नाही. मग लेखकाला वाव उरतो तो दोनच ठिकाणी. एक, लहानपणी बांधल्या गेलेल्या दोघांत मोठेपणी उमललेलं प्रेम. दुसरं, चौकटीबाहेरचं. माधवराव-रमाबाई हा पहिला नमुना, बाजीराव-मस्तानी हा दुसरा. मराठीत या दोन जोड्यांवरच्या कादंबऱ्या, १९६२ची 'स्वामी' आणि १९७२ची 'राऊ', अजून आमच्या कपाटात फार दिवस थांबत नाहीत. त्यांच्या फाटक्या पुठ्ठ्यांना मी स्वतः खळ लावली आहे. त्या पुस्तकांबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण त्या दोन थोर अपवादांनी आपली समजूत करून दिली की ऐतिहासिक प्रेम म्हणजे थेऊर नाही तर रावेरखेडी. एकीकडे सती, दुसरीकडे झुरून मरण. पुढच्या पन्नास वर्षांतल्या नकलाकारांनी तोच साचा वापरला. नायिका पहिल्या प्रकरणात तुळशीला पाणी घालते, मधे कधीतरी नथ सावरते आणि शेवटी जाते.

गंमत अशी, की ज्या नऊ वर्षांत लंडनमध्ये ते नाच चालले होते त्याच वर्षांत आपल्याकडे पेशवाई संपत होती. २० फेब्रुवारी १८१८ला मोहोळजवळच्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. मे महिन्यात इंग्रजांचा सेनापती मन्रो फौज घेऊन सोलापूरच्या भुईकोटापाशी आला आणि चारसहा दिवसांत किल्ला त्याच्या हाती गेला. एकाच्या दिवाणखान्यात पियानो आणि दुसऱ्याच्या तटावर तोफ. त्या दिवाणखान्यांतला पैसा कुठून येत होता हेही ऑस्टिनने अगदीच लपवलेलं नाही. तिचा एक नायक, कर्नल ब्रँडन, हिंदुस्थानात नोकरी करून आलेला आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तू पुस्तकाचा मूड घालवतेस." घालवते खरी.

मग सोलापूरच्या मातीतून काळ निवडायचा तर कुठला?

कोणालाही पहिलं सुचेल ते बारावं शतक, म्हणजे आमच्या ग्रामदैवताचा, सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धरामांचा काळ. या गावाचं सगळ्यात मोठं लग्न त्या काळातलं आहे. दर वर्षी भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर नंदीध्वज येऊन उभे राहतात, संमती, म्हणजे इथली मंगलाष्टकं, वाचली जाते आणि लाखभर हात अक्षता टाकतात. कथा सगळ्यांना पाठ आहे. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्न करायचं म्हटलं, ते योगी, त्यांनी नकार दिला, पण तिच्या हट्टाखातर आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. जिथे मागणी बाईने घातली आणि नकार पुरुषाने दिला अशी जुनी गोष्ट मराठी मुलखात किती सापडेल? माझ्या मापात हा काळ उलट्या बाजूने पास होतो. शिवाय त्याच पिढीत पलीकडे कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या मंडळीत, ब्राह्मण घरची मुलगी आणि चर्मकार घरचा मुलगा यांचं लग्न झाल्याचं आणि त्यापायी गावात रक्त सांडल्याचं परंपरा सांगते. यापेक्षा जळजळीत कथानक कोणाला हवं?

तरीही मी लेखकाला तिकडे पाठवायला कचरते. एक कारण उघड आहे. हा श्रद्धेचा विषय, आणि कादंबरीकाराने कुंभारकन्येच्या मनात शिरायचं तर त्याला सिद्धरामांच्या मनातही शिरावं लागेल. ते धाडस भल्याभल्यांना झेपायचं नाही. दुसरं कारण घरगुती आहे. त्या काळाचं रोजचं जगणं आपल्याला फारसं ठाऊकच नाही. एका हौशी लेखकाने आमच्याकडे हस्तलिखित वाचायला दिलं होतं. त्यात सिद्धेश्वरांच्या काळातली नायिका नायकाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देते. वाचून मला हसू आवरेना. शेंगा आणि मिरची, दोन्ही अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आलेल्या. त्या बिचारीच्या उखळात दोन्ही असायला आणखी किमान साडेतीनशे वर्षं थांबायला हवं होतं. लेखकाला सांगितलं तर तो रागावला आणि म्हणाला, "मग सोलापूरची नायिका खाईल तरी काय?" ज्वारीची भाकरी खाईल, तिळकूट खाईल, मिऱ्यांचं तिखट खाईल. पण प्रश्न त्याचा खोटा नव्हता. ज्या काळातल्या बाईचं ताट आपल्या डोळ्यांपुढे येत नाही तिचं मन कुठून येणार?

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचंही तसंच. तिचा नकार तर सगळ्यात मोठा. गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं आणि ती विठ्ठलाच्या पायाशी जाऊन संपली. पण 'नाही' म्हणायला जीवच द्यावा लागतो अशा काळात प्रेमकथा लिहायची म्हणजे त्या नकाराला खोटं पाडायचं. तिथे अभंगच बरे.

सोळावं शतक मात्र मला मोह घालतं. बहामनी राज्य फुटलं, पाच शाह्या झाल्या आणि निजामशाही-आदिलशाहीच्या सीमेवर आपलं सोलापूर येऊन बसलं. पुढे जे झालं ते एखाद्या मिश्कील कादंबरीकाराने रचावं असं आहे. १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं, बीबी मरियमचं, नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झालं. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं आणि तो दिला नाही. त्यावरून दोन्ही घराणी पुढची चाळीस वर्षं लढत राहिली. शेवटी हुसेन निजामशहाच्या मुलीचं, चांदबिबीचं, अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा सोलापूर पुन्हा हुंड्यात गेलं आणि त्या सोयरिकीच्या जोरावर जानेवारी १५६५ला तालिकोट्याची लढाई झाली. म्हणजे संध्याकाळी ज्या भुईकोटाच्या बागेत आपण पोरांना घेऊन जातो, तो किल्ला दोनदा रुखवतात मांडला गेलाय. एकदा तर मांडून परत उचलला. आपल्याकडे हुंड्याची मोटारसायकल अडवली तर पाहुणे रुसतात, इथे किल्ला अडवला होता.

भाचीच्या इंग्रजी पुस्तकांत 'सोयीचं लग्न' नावाचा एक फार आवडता प्रकार आहे. दोघं कसल्यातरी व्यवहारापायी लग्न करतात आणि प्रेम मागाहून येतं. आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात प्रकार कसला, असंच असतंय की. नगरची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी विजापूरला जाते, तिथे वाढते, नवऱ्याच्या खुनानंतर राज्य सांभाळते आणि उतारवयात माहेरी परत येऊन १५९५-९६ला मोगलांविरुद्ध नगरचा कोट लढवते. या चांदबिबीवर इंग्रजीत कादंबरी लिहिणारा माणूस आपल्या शेजारच्या नळदुर्गात राहिलेला होता. कॅप्टन मेडोज टेलर. १८५३ ते १८५७ तो तिथला कारभार बघत होता. नळदुर्गचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा त्याने रोज पाहिला असणार. त्याने १८६३ला आणखी एक कादंबरी छापली, 'तारा'. तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मण घरची तरुण विधवा आणि तिचं मन जडतं ते अफझलखानाच्या मुलावर. पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणतात ती गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. म्हणजे आठ वर्षं आधी एका गोऱ्या अंमलदाराने आपल्या तुळजापूरची प्रेमकथा लिहून टाकली होती. त्याची नजर साहेबाची होती, यात वाद नाही. पण त्याने जी जागा पाहिली ती आपण अजून पाहत नाही. सोलापूर-तुळजापूर-नळदुर्ग-विजापूर हा पट्टा, जिथे एका दिवसाच्या घोडदौडीत भाषा तीनदा बदलते.

तरी या काळाला मी दुसरा नंबर देते. चांदबिबीला कोणी विचारलं नव्हतं, नगरला की विजापूरला. शहाजादीचं लग्न हा तह होता. आणि आता एक अडचण वर आली आहे. इतिहासातली खरी नावं घेऊन प्रेम रंगवलं की कोणाचा ना कोणाचा मान दुखावतो. वंशज उठतात, मोर्चे निघतात, नायिकेने नाचावं की नाही यावर आठ दिवस चर्चा होते. हे सगळं चूकच आहे असं मी म्हणत नाही. खऱ्या माणसाच्या बेडरूममध्ये शिरायचा परवाना इतिहासाने कादंबरीकाराला दिलेला नाही. पण उपाय जुनाच आहे. इंग्रजी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने दाखवला, आपल्या गुंजीकरांनीही तोच केला. नायक-नायिका कल्पित ठेवायचे, खरी माणसं कडेला उभी करायची.

आणि कल्पित माणसांसाठी सोलापूरइतकी भरलेली जागा मला तरी दुसरी दिसत नाही, फक्त काळ नीट निवडायला हवा. माझा काळ सुरू होतो १८७७ला, 'जुनी मिल' म्हणतात ती सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली तेव्हा, आणि संपतो जानेवारी १९३१ला. मी त्याला भोंग्याचा काळ म्हणते.

थोडं मागून सांगते. आगगाडी सोलापूरला १८६०ला आली. १८७६-७७ला दुष्काळ पडला, माणसं गावं सोडून शहराकडे निघाली आणि नेमक्या त्याच वेळी मिल उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा मिली झाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आधीपासून येत होते, ते आणखी आले. अक्कलकोट-विजापूरकडून कन्नड बोलणारे आले, मोमीन विणकर होते, बार्शी-माढ्याकडचे मराठी कुणबी आले. साखर पेठ, जोडभावी पेठ, पूर्व भाग, एकेका गल्लीत चार भाषा. या गर्दीला वेळेत बांधणारी एकच गोष्ट होती, भोंगा. पहाटे भोंगा, जेवणाचा भोंगा, सुटीचा भोंगा. रीजन्सीतल्या नायिकेला भेटीचं कार्ड लागे, आमच्या नायिकेला भोंगा पुरे. ती किती वाजता बाहेर पडणार हे सगळ्या गावाला ठाऊक. तिची वाट बघायला उभं राहायचं तर लपायला जागा नाही.

आता माझं माप लावा. मिलमध्ये रिळिंग आणि वायंडिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत बायका असत. त्या आपला पगार आपल्या हातात घेत. तो हात पुढे नवऱ्याकडे किंवा सासूकडे वळला तरी आधी तिचा होता. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं आणि रात्रीचं काम रोखलं. म्हणजे पुरुषांच्या आधी त्या फाटकाबाहेर येऊ शकत. १९२९ला मुंबई इलाख्याने बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला. तारखा म्हणून या कोरड्या वाटतील, पण कादंबरीकाराने यांतली एकेक तारीख हातात धरून बघावी. कायद्याने दिलेला तो एक मोकळा तास, त्यात काय काय घडू शकतं!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाट. ज्या घरांत वेदोक्त-पुराणोक्तावरून भांडणं चालत त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न नव्हतं, पण कष्टकरी जातींपैकी कितीतरींत पाट लागायचा. याचा अर्थ असा, की पहिलं लग्न आईबापांनी पोरवयात लावलेलं असलं तरी पुढे पंचवीस-तिशीची, स्वतः कमावणारी, जग पाहिलेली बाई दुसऱ्या वेळी हो किंवा नाही म्हणू शकत होती. पेशव्यांच्या वाड्यात जे अशक्य होतं ते साखर पेठेतल्या चाळीत होऊ शकत होतं. मराठी ऐतिहासिक प्रेमकथेला शहाणी, वयात आलेली नायिका हवी असेल तर ती इथे आहे. तिला सोन्याची नथ नाही, पदराला सुताची कस्पटं चिकटलेली आहेत.

भाषेची गोष्ट तर मला स्वतःला लिहावीशी वाटते, हात धजत नाही एवढंच. समजा तो तेलुगू, ती कन्नड. घरी दोघांची वेगळी भाषा, बाजारात आणि मिलमध्ये मोडकी मराठी. म्हणजे त्यांनी एकमेकांशी जे बोलायचं ते दोघांनाही नीट न येणाऱ्या भाषेत. राजवाड्यातला नायक पानपानभर बोलतो. या दोघांकडे शब्दच कमी, मग प्रत्येक शब्द किती तोलून टाकावा लागेल. "काय करलालास बे?" एवढ्या एका वाक्यात राग, काळजी आणि लाड तिन्ही मावतात हे सोलापूरकराला सांगायला नको. पुण्याच्या प्रकाशकाला तळटीप द्यावी लागेल, ती देऊ.

काळाच्या शेवटाला तर नाट्य तयारच आहे. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३०ला लागू झाला. पाच आठवड्यांनी, ५ मेला गांधीजींना अटक झाली. ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला आणि १२ मेला मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणं गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्याला फाशी दिलं. या चौघांना कादंबरीत ओढायची गरज नाही, त्यांना त्यांच्या नावाच्या चौकात राहू द्यावं. पण त्या मे महिन्यात, गल्लीच्या तोंडाला बंदुकवाला शिपाई उभा असताना, एखाद्या साध्या विणकराने खिशात टोपीची घडी ठेवून पलीकडच्या पेठेत का जावं? हा प्रश्न मला कुठल्याही राजसिंहासनापेक्षा जास्त जागं ठेवतो.

याला लोक दोन हरकती घेतात. पहिली, "मिलमध्ये काय रोमँटिक आहे? सूत फुफ्फुसात जातं, कर्ज असतं, दारू असते." बरोबर आहे. दहा-अकरा तास सतत यंत्रापुढे उभं राहणं गोड करून सांगू नये. पण मला उलट विचारायचं आहे, वाड्यातलं काय गोड होतं? केशवपन, सोवळं-ओवळं, सवतीमत्सर, गुलाम बटकी. ते आपण किती सहज रेशमात गुंडाळलं! गरिबी रम्य करू नये हा नियम मला मान्य आहे. मग श्रीमंतीचं क्रौर्य रम्य करण्याची सूट कोणी दिली?

दुसरी हरकत वाचकांकडून येते आणि ती जास्त खरी आहे. "बाई, दिवसभर कष्ट करून रात्री पुन्हा कष्टाचंच वाचायचं?" विड्या वळून आलेल्या बाईला विड्या वळणारीची गोष्ट नको असते, हे मी टेबलामागून पाहते. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की इंग्रजीतल्या त्या रीजन्सीच्या वाचकही ड्यूकच्या बायका नाहीत. नायिका आपल्यापैकी वाटावी आणि तिला मिळणारं सुख आपल्या आवाक्याच्या जरा वर असावं, एवढंच त्यांना हवं असतं. भोंग्याच्या काळातल्या नायिकेला शेवटी वाडा मिळणार नाही. दोन खोल्या, स्वतःचा माग आणि तिचं ऐकणारा माणूस मिळेल. हे स्वप्न लहान आहे असं म्हणणाऱ्याने पूर्व भागात एकदा चक्कर मारून यावी.

आणि सोलापूरच्या प्रेमाला जग पाहता येत नाही असंही नाही. याच गावात १९१०ला जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे ते चिनी शिकले, युद्धाच्या धामधुमीत रुग्णसेवा केली, क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या मुलीशी १९४१ला लग्न केलं. मुलाच्या नावात भारत आणि चीन दोन्ही गुंफले. डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. शांतारामबापूंनी १९४६ला त्यांच्यावर सिनेमा काढला म्हणून मुंबईला ही गोष्ट माहीत झाली. आमच्याकडे भैय्या चौकातून जाणारी पोरं स्मारक बघतात, नाव वाचतात, पुढे जातात. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती त्या पहिल्या दिवसांत काय झालं असेल, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो.

लेखकांची एक तक्रार असते, साधनं नाहीत. पेशव्यांचं दप्तर आहे, मिलमधल्या बाईचं कुठे आहे? थोडं आहे. सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४चं आहे आणि त्यात इथले लोक काय नेसतात, काय खातात, विणकराला काय मिळतं, हे साहेबाने वाण्याच्या चिकाटीने लिहून ठेवलंय. उरलेलं माणसांच्या डोक्यात आहे आणि ते दप्तर रोज एकेक पान गमावतं आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एक सभासद आल्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. पुस्तक परत केलं आणि पाऊस थांबेपर्यंत बाकावर टेकल्या. मी चहा मागवला. बोलता बोलता विषय त्यांच्या आईवर गेला. आई मिलमध्ये रिळिंगला होती, घरात मराठी. वडील तेलंगणातून नुकतेच आलेले, तेलुगूशिवाय काही येत नव्हतं.

"फाटकाशी उभारायचे म्हणे रोज. आईनं तीनदा नाही म्हणून सांगितलं."

"आणि मग?"

"चौथ्यांदा म्हणली, आधी मराठी नीट शीक, तू काय म्हणलालास तेच कळंना. शिकले की मग. सहा महिन्यांत शिकले." त्या हसल्या. "लग्नाला चाळीतलं कोणी जेवायला आलं नाही. आईचा भाऊसुद्धा नाही. दोघांनीच बसून खाल्लं."

मी म्हटलं, मावशी, हे कोणीतरी लिहायला पाहिजे हो.

"ह्यात काय लिहायचंय?" त्यांनी कपबशी खाली ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि कपाटाकडे बोट केलं. "ते वरच्या फळीवरचं द्या बघू. पेशवाईतलं हाय ना?"

होतं. मी तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं.